चावडीपासून पोर्टलपर्यंत : शेतकऱ्याला दिलेल्या सरकारी पैशाच्या जाहीर यादीचा मागोवा

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकी २ हजार रुपये जमा होणार होते. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाला गिऱ्हाईक नव्हते, भाजीपाला शेतातच सोडून द्यावा लागत होता, मजुराला वेस ओलांडता येत नव्हती. अशा दिवसांत २ हजार रुपयांनी नुकसान भरून निघणार नव्हते, पण खत-बियाण्याची किंवा किराण्याची एक खेप निघत होती.

हा पैसा नव्याने दिलेला नव्हता. वर्षाला ६ हजार रुपये देणारी पीएम-किसान योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली होती; तिचाच एक हप्ता लवकर सोडला गेला. पण या हप्त्याची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. योजनेच्या पोर्टलवर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की लाभार्थ्यांची नावे समोर येत. पुण्यात नोकरी करणाऱ्याला जिंतूर तालुक्यातल्या आपल्या गावात हप्ता कोणाकोणाला लागला, ते घरबसल्या पाहता येत होते.

सरकारने शेतकऱ्याला दिलेला पैसा नावानिशी सगळ्यांसमोर मांडायचा, ही रीत आज इतकी साधी वाटते की तिला इतिहास असेल असे वाटत नाही. तो आहे, आणि त्यात दोन वेगळ्या परंपरा येऊन मिळतात. एक सरकारी दप्तराची : कोणाला किती दिले आणि कोणाकडून किती वसूल करायचे, यासाठी राज्यकर्त्याने ठेवलेली नोंद. दुसरी लोकांच्या आग्रहाची : ती नोंद आम्हालाही दाखवा. पहिली फार जुनी आहे, दुसरी झगडून मिळवलेली.

देणे आणि नोंद

५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळी मामल्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेले पत्र महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत आहे. गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, कोणाकडे माणूसबळ किती, बैल किती, दाणा किती हे पाहावे. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलासाठी पैसा द्यावा, पोटाला नाही त्याला धान्य द्यावे. वाढीदिढी न घेता फक्त मुद्दल, तेही ऐपत येईल तसे हळूहळू घ्यावे, अशी त्यात सूचना आहे. या कामी दोन लाख लारीपर्यंत (लारी हे त्या काळचे चांदीचे नाणे) खर्च झाला तरी चालेल, असेही त्यात सांगितले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली पद्धत महत्त्वाची आहे. गरज कोणाची हे कचेरीत बसून ठरवायचे नव्हते. अधिकाऱ्याने गावात जायचे, माणसे एकत्र बोलवायची आणि सगळ्यांच्या देखत पाहणी करायची. शेजाऱ्याच्या गोठ्यात बैल किती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासमोर खोटे सांगणे अवघड असते.

पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमलात अशी तगाई, म्हणजे शेतकऱ्याला दिलेले सरकारी कर्ज, चालू राहिली. १८७५ मध्ये सुपे गावातून सावकारांविरुद्ध दख्खनचे दंगे पेटले, १८७६ ते १८७८ या काळात भीषण दुष्काळ पडला, आणि कर्जबाजारी शेतकऱ्याकडे पाठ फिरवून चालणार नाही हे सरकारला कळले. १८८३ मध्ये जमीन सुधारणा कर्जाचा आणि १८८४ मध्ये शेतकरी कर्जाचा कायदा झाला. तगाई आता कायद्याने मिळू लागली आणि तिची नोंद मामलेदार कचेरीत राहू लागली. मात्र त्या नोंदीचा रोख शेतकऱ्याकडे होता. तगाई कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली, याचा जाब कचेरीला विचारण्याची सोय त्यात नव्हती.

नियम सांगणाऱ्यांचा काळ

जाब विचारण्याची परंपरा पुण्यात दिसते. १८७६-७८ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने ठिकठिकाणच्या आपल्या माणसांकडून खबर मागवली आणि सरकारी अहवालांच्या शेजारी लोकांचा अहवाल उभा केला. कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्यावर ठेवण्याच्या, सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाला सभेने आकडे आणि हकिकती मांडून विरोध केला.

वीस वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, हे काम आणखी पुढे गेले. सरकारने स्वतःच दुष्काळ निवारणाची नियमावली केली होती. पीक बुडाले तर शेतसाऱ्याला तहकुबी किंवा माफी देण्याची तरतूद होती. शेतकऱ्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. टिळकांनी 'केसरी'तून ही नियमावली लोकांना समजावून सांगितली. सार्वजनिक सभेच्या प्रचारकांनी गावोगाव सभा घेऊन सांगितले की हा तुमचा हक्क आहे, सरकारच्याच कायद्यात तो लिहिलेला आहे. काही प्रचारकांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.

या प्रसंगाकडे मी या मागोव्यातला पहिला मोठा टप्पा म्हणून पाहतो. त्या लोकांनी लाभार्थ्यांची नावे मागितली नव्हती. त्यांनी निकष चव्हाट्यावर आणले. निकष ठाऊक नसेल तर यादी हाती येऊनही वाचता येत नाही, कारण कोणाचे नाव चुकीने आले आणि कोणाचे चुकीने गळले हे कशावरून ठरवायचे?

हजेरीपट उघडा झाला

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो १९७९ पासून अमलात आला. कामाचा पैसा मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मिळे. हजेरीपट मुकादमाच्या आणि कचेरीच्या हातात राही. बोगस मस्टर ही तक्रार गावागावात होती, पण ती सिद्ध करायची तर मस्टर पाहायला मिळायला हवे.

ते पाहायला मिळाले राजस्थानात. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना उभारली. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात संघटनेची पहिली जनसुनवाई झाली. सरकारी कामांचे मस्टर आणि खर्चाची कागदपत्रे गावासमोर मोठ्याने वाचली गेली. न झालेल्या कामांवर खर्च पडलेला होता, कामावर न गेलेल्यांच्या नावे मजुरी निघालेली होती. लिहिता-वाचता न येणारी माणसे उभी राहून सांगत होती की त्या दिवशी आपण कामावर नव्हतो. तपासनीस अधिकाऱ्याला महिनोन्महिने सापडले नसते ते गावाने बसल्या बैठकीत शोधून काढले.

यादी वाचण्यासाठी लागणारे ज्ञान गावाकडेच असते, हे कोटकिरानाने दाखवले. तिथून माहितीच्या हक्काची चळवळ देशभर गेली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून २००२ चा राज्याचा कायदा मिळाला आणि २००५ मध्ये केंद्राचा माहिती अधिकार कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात एक पोटकलम आहे : अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावे. कोणी अर्ज करण्याची वाट पाहायची नाही. पीएम-किसानची गावनिहाय यादी या विचाराची वंशज आहे.

बँकेचा फलक, चावडीचे वाचन

कायद्यानंतरची पहिली मोठी कसोटी २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत लागली. प्रत्येक बँक शाखेने ३० जूनपर्यंत पात्र शेतकऱ्यांच्या याद्या फलकावर लावाव्यात, असा नियम होता. याद्या लागल्या. पाच वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. माफी मिळालेली ८०,२९९ खाती तपासली, तर त्यांतली ८.५ टक्के अपात्र निघाली. माफी न मिळालेल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७ शेतकरी पात्र असून वगळले गेले होते. काही ठिकाणी कागदपत्रांत खाडाखोड सापडली. फलक होता, पण तो शाखेत होता. आणि शाखेतल्या फलकासमोर उभे राहून 'हे चूक आहे' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, ते ठरलेले नव्हते.

महाराष्ट्रात यावर एक जुना उपाय हाताशी होता. जमिनीची फेरफार नोंद झाली की तिची प्रत चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकत आली तर ती नोंदवून घ्यायची, हे आपल्या महसूल कायद्यातच आहे. जून २०१७ मध्ये शेतकरी संपानंतर ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा ऑनलाइन भरलेल्या अर्जांच्या याद्यांचे गावोगावी चावडी वाचन करण्यात आले. याद्यांतले घोळ त्यानेही संपले नाहीत, कारण अर्ज, बँक आणि संगणक यांच्यातल्या चुका गावाच्या हाताबाहेरच्या होत्या. तरीही ही रीत योग्य होती. नाव वाचले जाते, गाव ऐकते, हरकत घेता येते.

दोन वर्षांनी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी तिची पहिली यादी लागली : ६८ गावे, १५,३५८ शेतकरी. यादीत नाव आणि त्यापुढे विशिष्ट क्रमांक. तो क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचे, यंत्रावर अंगठा ठेवून आधार प्रमाणीकरण करायचे आणि रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचे. रक्कम मान्य नसेल तर तक्रारीची वाट होती. महिनाभरात करोना आला. एका यंत्रावर अनेकांनी अंगठा ठेवणे धोक्याचे ठरले आणि प्रमाणीकरण थांबले. सुमारे ११ लाख शेतकऱ्यांची माफी अडकली, खरिपाच्या तोंडावर. या शेतकऱ्यांची थकबाकी शासनाकडून येणे आहे असे समजून त्यांना नवे पीककर्ज द्यावे, असा निर्णय मग राज्याला घ्यावा लागला.

महामारीतली यादी

पीएम-किसानचा पैसा मात्र थांबला नाही, कारण तो थेट खात्यावर जात होता. तो पोहोचला, याचे श्रेय त्या यंत्रणेला दिलेच पाहिजे. लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत लावावी, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. पण टाळेबंदीत ग्रामसभा भरत नव्हत्या, चावडीवर चार माणसे जमू शकत नव्हती. यादी होती, ती वाचणारा जमाव नव्हता. याचा परिणाम लवकरच दिसला.

ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूत कल्लकुरिची, विलुपुरम, कडलूर या भागांत मोठा घोटाळा उघड झाला. सरकारी कर्मचाऱ्यांचे पासवर्ड वापरून दलालांनी शेतकरी नसलेल्यांची नावे घुसवली होती. राज्यभरात अशी सुमारे साडेपाच लाख नावे आणि ११० कोटी रुपये निघाले. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकार कार्यकर्ते वेंकटेश नायक यांनी केंद्रीय कृषी मंत्रालयाकडून मिळवलेली आकडेवारी प्रसिद्ध केली : जुलै २०२० पर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र लाभार्थ्यांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते. राज्यांच्या क्रमवारीत पंजाब आणि आसामनंतर महाराष्ट्र होता. जुलै २०२१ मध्ये कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितलेला आकडा ४२ लाखांवर गेला आणि वसूल करायची रक्कम २,९९२ कोटींवर. त्यात महाराष्ट्राचे साडेचार लाखांच्या आसपास लोक आणि ३५८ कोटी रुपये होते. तहसील कार्यालयांतून नोटिसा निघू लागल्या.

या आकड्यांवरून शेतकऱ्याला चोर ठरवणारे पुष्कळ भेटले. मला ते मान्य नाही. अनेकांना निकषच कोणी नीट सांगितले नव्हते; घरातल्या एकाने प्राप्तिकर भरला तर संपूर्ण कुटुंब अपात्र होते, हे किती जणांना माहीत होते? १८९६ मध्ये गावोगाव फिरून नियम समजावणारे लोक होते. २०१९ मध्ये अर्ज भरून घेण्याची घाई होती आणि निकष परिपत्रकात पडून राहिले. आधारने अंगठा कोणाचा ते पक्के केले. शेत कोण कसतो, हे सांगणे गावाच्याच हातात होते आणि गावाला कोणी विचारले नाही.

यादीची दुसरी उणीव याहून खोल आहे. पीएम-किसानचा आधार सातबारा आहे. ज्याच्या नावावर जमीन तो शेतकरी. खंडाने किंवा बटाईने कसणारा, अद्याप वनपट्टा न मिळालेला आदिवासी, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरच्या शेतात राबणारी बाई, यांपैकी कोणीही या यादीत येत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शेतात राबणाऱ्या हातांत त्यांचे प्रमाण किती, ते कोणत्याही बांधावर उभे राहिले की दिसते. अपात्र कोण घुसला हे खुली यादी दाखवू शकते. पात्र असून मोजलेच न गेलेले कोण, हे तिच्यात कुठेच नसते. ते गावाच्या बैठकीतच बाहेर येते.

दुसरीकडचा वाद

यादी किती खुली ठेवायची, हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेत २०२० मध्ये करोना मदत म्हणून शेतकऱ्यांना थेट देण्यासाठी पहिल्या टप्प्यात १६ अब्ज डॉलर ठेवले गेले, व्यक्तीमागे मर्यादा अडीच लाख डॉलर. तिथे पर्यावरणविषयक काम करणारी एक संस्था गेली अनेक वर्षे माहितीच्या कायद्याखाली नोंदी मिळवून शेती अनुदानाची रक्कम नावानिशी प्रसिद्ध करते. त्यामुळे छोट्या शेतकऱ्याच्या नावाने मंजूर होणाऱ्या पैशाचा मोठा भाग मोठ्या शेतीकडे जातो, हा वाद तिथे आकड्यांवर लढता येतो.

युरोपात उलट बाजूने प्रश्न आला. युरोपीय संघाने शेती अनुदान घेणाऱ्यांची नावे आणि रकमा प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा जर्मनीच्या हेसेन राज्यातल्या शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की करदात्याला हिशेब पाहण्याचा हक्क आहे, पण रक्कम किती, किती काळ, कशासाठी, याचा काहीच भेद न करता प्रत्येक व्यक्तीचे नाव उघडे करणे अति होते. २०१३ मध्ये नवा नियम झाला : नावे पुन्हा प्रसिद्ध होतील, मात्र अगदी छोटी रक्कम घेणाऱ्या लहान शेतकऱ्याचे नाव झाकले जाईल. हिशेब आणि खासगीपणा यांत एकाची निवड करायची गरज नाही, रेषा विचार करून आखता येते, हे त्यातून दिसते.

आपल्याकडे ही रेषा आता मागे सरकते आहे. २००५ च्या कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे पाहावे लागे; आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती वाक्ये काढून टाकली. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वेगळी तरतूद उरली आहे, पण 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हणून अर्ज फेटाळणे सोपे झाले. लाभार्थ्याचे नाव वैयक्तिक म्हणून झाकले गेले, तर कोटकिरानाची जनसुनवाई पुन्हा होऊ शकणार नाही.

हिशेब गावात

शेतकऱ्याला खासगीपणा नको असे मी म्हणत नाही. त्याचा आधार क्रमांक, खाते क्रमांक, फोन नंबर उघडा पडला की ठगांचे फावते. ते झाकलेच पाहिजे. त्याच्यावर कर्ज किती हे भिंतीवर लावून त्याची अब्रू काढण्याचेही कारण नाही. पण मिळालेल्या सरकारी रकमेपुढे नाव, गाव आणि योजना एवढे खुले राहिले पाहिजे. यादीच्या शेजारी निकष साध्या मराठीत लावलेले हवेत. ज्याला नाकारले त्याला नाकारण्याचे कारण लेखी मिळावे, आणि नाव कोणत्या अधिकाऱ्याने मंजूर केले किंवा गाळले तेही त्याच कागदावर असावे. आजवरच्या याद्या शेतकऱ्याचे नाव सांगतात आणि निर्णय घेणाऱ्याचे सांगत नाहीत. वसुलीची नोटीस म्हणूनच नेहमी एकाच दिशेने जाते.

हे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. प्रत्येक हप्त्यानंतरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर लाभार्थी यादीचे वाचन हा विषय घ्यावा, असे कोणताही ग्रामस्थ लेखी मागू शकतो. यादी वाचताना सुटलेल्यांची नावे विचारावीत, खंडकऱ्यांची आणि शेतकरी बायांची वेगळी नोंद घ्यावी, हरकती इतिवृत्तात लिहून तहसीलदारांकडे पाठवाव्यात आणि पुढच्या सभेत त्यांचे उत्तर मागावे. संकटात काही तासांत कोट्यवधी खात्यांवर पैसे पाठवता येतात, हे २०२० ने सिद्ध केले. त्या पैशाचा हिशेब घेण्याची तयारी गावाने संकट नसतानाच करून ठेवायला हवी, कारण पुढच्या टाळेबंदीत किंवा दुष्काळात जी यादी लागेल ती आज वाचलेल्या यादीवरूनच तयार होणार आहे.